आक्काच्या सलाईनचं चाक

हे मी आजवर कुणापाशी बोललो नाही. बायकोपाशीही नाही. आणि मी म्हणजे कोण? तुर्भ्याच्या मार्केटात माझ्या बाता ऐकायला भरलेले ट्रक थांबतात! पाठीवरची पन्नास किलोची गोणी मी सांगताना दीडशेची करतो, लोक हसतात, कुणी खरं मानत नाही. एकच थाप लोकांनी खरी मानली — ती कुठली, ते आज सांगतो.

माझी थोरली बहीण, आक्का. आतड्याला पीळ पडला म्हणून साताऱ्याहून इथल्या दवाखान्यात आणली. ऑपरेशन झकास झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी ओठ सुकलेले, आवाज खोल गेलेला. "बापू, अंगात पाक जीव न्हाई रं." वर सलाईन टांगलेलं, आणि थेंब? एक पडून दुसरा पडेपर्यंत माणूस पनवेलला जाऊन यावा!

आमच्याकडं सलाईन म्हणजे ताकद. सुगी उरकली की धडधाकट गडीसुद्धा डॉक्टरला म्हणतो, एक बाटली चढवा. मग माझ्या आक्कालाच थेंब-थेंब का? सिस्टर होती जासईची, कोवळी पोर. तिनं बजावलं होतं — "काका, हात नका लावू हां. पानी जास्त नाय द्यायचं." ती पलीकडच्या खाटेकडं वळली, अन् मी नळीवरचं, थेंब कमी-जास्त करायचं ते चाक अंगठ्यानं सरकवलं. पूर्ण. बाटली रिकामी होताच परत मागं घेतलं. "एवढ्यात संपली?" ती म्हणाली. "तुझं घड्याळ झोपलंय," मी म्हणालो. तिनं दुसरी लावली, हळूच ठेवली. तीही मी सोडली. दोन बाटल्या — इथं मी वाढवून सांगत नाही.

दुपारी आक्काला धाप लागली. छातीत घरघर. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशनच्या धक्क्यानं रक्तवाहिन्यांच्या आतलं नाजूक अस्तर आधीच दुखावलेलं असतं. वरून एकदम पाणी ओतलं की ते आणखी बिघडतं, पाणी बाहेर झिरपतं, फुप्फुसात साचतं. मला लगेच उमगलं — आतल्या प्लास्टिकला हमालाचा हुक लागलेली गोणी आम्ही रोज बघतो. वरून भरत राहा, खालून गळत राहणार.

तिसऱ्या दिवशी आक्का गेली.

बाटल्या एवढ्या लवकर संपल्या कशा, चाक कुणी फिरवलं, डॉक्टरांनी विचारलं. मी काय केलं असेल? मार्केटमधली दहा माणसं बोलावली, आवाज चढवला, बोट त्या पोरीकडं केलं — "हिनंच सोडलं, माझ्या डोळ्यांदेखत!" ती रडत माझ्याकडंच आली. "काका, मी कमीच ठेवलं होतं. तुमी बघितलंत ना?"

मी म्हणालो, "नाही."

तिला काढलं. मी मात्र ते सांगत सुटलो. दोन बाटल्यांच्या सहा झाल्या. ती मोबाईलवर खिदळत होती, हेही मीच घातलं. लोक हळहळले. आक्काच्या पोरानं माझे पाय धरले — "मामा, तुम्ही होता म्हणून खरं कळलं."

ती आता महापेला कुठंतरी डबे पॅक करते, असं ऐकलं. मी गेलो नाही.

आक्काचं चाक सोडताना काय होईल, ते मला ठाऊक नव्हतं. त्या पोरीनं विचारलं तेव्हा सगळं ठाऊक होतं. तिच्या डोळ्यांत बघत मी खोटं बोललो.