वॉरनची दुभाषी

सेंदाईला आल्यावर पहिलं वर्षभर सुलेखा जपानी भाषेत फक्त माफी मागत होती. प्लॅस्टिकचा कचरा जळणाऱ्या कचऱ्याच्या दिवशी बाहेर ठेवला, सुमिमासेन. सायकल नको तिथे लावली, सुमिमासेन. लेक जुईच्या बालवाडीतून आलेली चिठ्ठी वाचता आली नाही, पुन्हा सुमिमासेन. नवरा सत्यजित पुण्याच्या एका सॉफ्टवेअर कंपनीकडून दोन हजार एक साली इथे आला होता, एका विमा कंपनीची जुनी सिस्टिम बदलायच्या कामावर. त्याचं ऑफिसात इंग्रजीवर भागायचं. शाळा, डॉक्टर, बाजार, शेजारीण, ही सगळी जपानी सुलेखाच्या वाट्याला आली होती, आणि तिचं भागत नव्हतं.

मग ती हट्टालाच पेटली. वॉर्ड ऑफिसात कुमागाई नावाच्या निवृत्त शिक्षिका परदेशी बायकांना फुकट शिकवायच्या. त्यांच्याकडे तिने तीन वर्षं घासून काढली. भात शिजेपर्यंत ओट्याशी उभं राहून चित्रलिपी गिरवली. भाषेच्या परीक्षेची दुसरी पातळी पास झाली, तेव्हा कुमागाई बाईंनी तिला घरी बोलावून लाल घेवड्याचा भात खाऊ घातला. इथे आनंदाच्या दिवशी तो करतात.

दोन हजार पाच साली शहरात बास्केटबॉलचा नवा व्यावसायिक संघ निघाला. त्याचा व्यवस्थापक कुमागाई बाईंचा भाचा होता. परदेशी खेळाडूंसाठी त्याला इंग्रजी जाणणारी दुभाषी हवी होती.

"बास्केटबॉलमधलं काय कळतं तुम्हाला?" त्याने विचारलं.

"काहीच नाही," सुलेखाने खरं ते सांगितलं.

"उत्तम. म्हणजे मधे स्वतःचं मत घालणार नाही."

अशी सुलेखा कामाला लागली, आणि तिच्या वाट्याला आला वॉरन हॅकेट.

वॉरन ऑस्ट्रेलियाचा. वय चौतीस, उंची दोन मीटर पाच सेंटिमीटर. सुलेखा चार फूट अकरा. तो बोलायला लागला की ती मान मागे टाकायची, नाहीतर बनियनवरच्या नंबराशीच बोलल्यासारखं व्हायचं. त्याने तिला पहिल्याच दिवशी सू करून टाकलं. बाकीचे त्यापुढे आदराचं सान लावायचे. सू-सान, सू-सान ऐकून दुसऱ्या परदेशी खेळाडूने महिनाभर तिचं नाव सुझान आहे असं धरलं आणि ख्रिसमसला तसं कार्डही दिलं.

कोच सुगावारा कडक होते. त्यांनी तिला एक गोष्ट बजावली. "वॉरन-सान असं म्हणतात, असं म्हणायचं नाही. ते 'मी' म्हणाले की तुम्हीही 'मी' म्हणायचं."

सुलेखाला आधी जड गेलं. मनातल्या मनात ती मराठीत अडखळायची, मी पडलो की मी पडले? पण जपानी क्रियापदाला बाई-पुरुष नसतो. हळूहळू ती सरावली, इतकी की घरी येऊन भाकरी थापता थापता सत्यजितला सांगायची, "आज मी अठरा पॉइंट केले."

"पाय दुखत असतील," तो म्हणायचा.

संघाने घरच्या मैदानावर पहिली मॅच जिंकली, तेव्हा टीव्हीवाल्यांनी वॉरनसमोर माइक धरला. तो इंग्रजीत बोलला, आणि शेजारी उभ्या असलेल्या इवल्याशा बाईने गंभीर चेहऱ्याने जपानीत सांगितलं, "मी चौतीस वर्षांचा आहे. सकाळी उठलो की आधी माझ्या गुडघ्यांना विचारतो, आज येताय का?" सगळं स्टेडियम हसलं. दुसऱ्या दिवशी टोफूवाल्या आजींनी सुलेखाला थांबवून काळजीने विचारलं, "गुडघे कसे आहेत?"

"आज आलेत," सुलेखा म्हणाली.

दुसऱ्या गावी मॅच असली की संघ बसने जायचा. वॉरनला पाय पसरायला शेवटची आडवी सीट लागायची, आणि त्याच्या बोलण्याला कोणी तरी लागायचं. त्याच्या पिशवीत एक लाल, लंबगोल, कातडं झिजलेला चेंडू असे. सुलेखाने एकदा विचारलं, हा कसला?

"हा माझा खरा खेळ," तो म्हणाला.

त्याच्या देशात फुटबॉल म्हणजे हा. अंडाकृती मैदान, एकेका बाजूला अठरा गडी, चेंडू पायाने मारायचा आणि उंच उडी घेऊन हाताने झेलायचा. सुरुवातीला पंच चेंडू जमिनीवर आपटून वर उडवतो आणि दोन्हीकडचे सगळ्यांत उंच गडी त्याच्यासाठी हवेत झेपावतात. वॉरन पंधरा-सोळा वर्षांचा असताना तो उंच गडी होता. त्याच्या आधी त्याचा बाप, लेस, अठरा वर्षं गावच्या त्याच क्लबचा तो गडी होता. घरी दुभत्या गाई. संध्याकाळच्या धारा आटपल्या की बाप गोठ्यामागे चेंडू आपटायचा आणि मुलगा उडी मारायचा. सतराव्या वर्षी वॉरनला बास्केटबॉलसाठी शहरातल्या अकादमीतून बोलावणं आलं.

"बाबा काय म्हणाले?"

"म्हणाले, जा. खेळ बंद हॉलात, छपराखाली."

"मग?"

"मग काही नाही. वर्षातून दोनदा फोन करतो. पाऊस कसा आहे, गाई कशा आहेत. सहा देशांत खेळलो मी, सू. त्यांनी माझी एक मॅच पाहिलेली नाही."

सुलेखाने डबा उघडून शंकरपाळे पुढे केले. ते त्याने तीन घासांत संपवले.

दुसऱ्या मोसमाची तयारी सुरू झाली, आणि सप्टेंबरात सरावाच्या वेळी वॉरन उडी मारून खाली आला तो उठलाच नाही. हॉस्पिटलात डॉक्टरांनी फोटो लावून समजावलं. उजव्या गुडघ्यातली कूर्चा झिजून गेली होती; हाडावर हाड घासत होतं. ऑपरेशन केलं तर नीट चालता येईल. खेळणं मात्र संपलं. सुलेखाने एकेक वाक्य इंग्रजीत सांगितलं.

बाहेर टॅक्सीच्या रांगेत वॉरन म्हणाला, "कोचला सांग, डॉक्टर म्हणाले दोन आठवडे विश्रांती."

"ते असं म्हणाले नाहीत."

"कोणाला कळणार आहे? रिपोर्ट यायला आठवडा आहे. तेवढ्यात मी इंजेक्शन घेऊन उभा राहीन. एक मोसम, सू. एकच."

या माणसाचं वाईट व्हावं असं सुलेखाला कधी वाटलं नव्हतं. ती म्हणाली, "तू स्वतः कोचना सांगितलंस, गुडघा ठीक आहे, तर ते मी जसंच्या तसं जपानीत सांगेन. ते माझं कामच आहे. पण डॉक्टर बोलले नाहीत ते त्यांच्या तोंडी मी नाही घालणार."

तो टॅक्सीत एकटाच बसून गेला. सुलेखा बसने घरी आली. चार दिवस त्याचा फोन नाही. सत्यजित म्हणाला, "तू बरोबरच केलंस." ते तिलाही माहीत होतं, पण म्हणून जेवण जात होतं असं नाही.

पाचव्या दिवशी वॉरनने निरोप पाठवला, कोचला भेटायचंय, ये. खोलीत तिघंच. सुगावारांनी विचारलं, "गुडघा कसा आहे?" सुलेखाने ते इंग्रजीत केलं आणि खाली बघत थांबली. आता तो जे म्हणेल ते तिला म्हणावं लागणार होतं.

"गुडघा संपला," वॉरन म्हणाला. "मी आता खेळू शकणार नाही. सतराव्या वर्षापासून मला दुसरं काही येत नाही. तुम्ही मला या वयात घेतलंत, त्याबद्दल आभार."

सुलेखाने सुरुवात केली. माझा गुडघा संपला. मी आता खेळू शकणार नाही. तिथेच तिला रडू आलं. पुढचं वाक्य तिने तीनदा सुरू केलं. सुगावारांनी खिशातून घडीचा रुमाल काढला आणि तो वॉरनला न देता तिला दिला. वॉरनने आपला प्रचंड हात तिच्या खांद्यावर ठेवला आणि म्हणाला, "हळू सांग. घाई नाही." तेही तिने चुकून जपानीत सांगितलं.

त्याच आठवड्यात तो सुलेखाला म्हणाला, "बाबांना फोन केला. ते म्हणाले, विमान कधीचं? मला वाटलं, माझं विचारताहेत. ते स्वतःचं विचारत होते."

लेस हॅकेट एकाहत्तर वर्षांचे. मुलाचं सामान उचलायला कोणी तरी हवं, एवढंच कारण सांगून आयुष्यात पहिल्यांदा देशाबाहेर आले. लोकरी कोट, दार अडवेल असे खांदे, आणि धारा काढून काढून जाड झालेली बोटं. बोलणं जेवढ्यास तेवढं.

ऑक्टोबरात सेंदाईची माणसं हिरोसे नदीच्या काठी पातेली घेऊन जातात. दगडांची चूल मांडून अळकुड्या आणि मांसाचं, आंबवलेल्या सोयाबीनची मिसो घातलेलं सूप शिजवतात, आणि सगळे मिळून खातात. संघाने वॉरनला निरोप द्यायला तोच बेत केला. सत्यजित लाकडं फुंकत होता, नऊ वर्षांची जुई दगडांवरून उड्या मारत होती. बापलेक दोन घडीच्या खुर्च्यांवर बसले होते आणि मधे सुलेखा.

"गार आहे," लेस म्हणाले.

"हो, गार आहे," वॉरन म्हणाला.

दोघांची भाषा एकच, तरी एवढ्यावर गाडी अडलेली.

जेवणं झाल्यावर सुगावारांनी रिवाजाप्रमाणे लेसना दोन शब्द बोलायची विनंती केली. ते उठले, टोपी काढली. सुलेखा शेजारी जाऊन उभी राहिली.

"सूप चांगलं होतं," ते म्हणाले. तिने सांगितलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आता ते बसतील असं तिला वाटलं, पण ते उभेच राहिले. समोरच्या माणसांना आपली भाषा कळत नाही, याचाच त्यांना आधार वाटला असावा.

"वॉरन माझ्यापेक्षा चांगला होता," ते म्हणाले. "हा उडी मारायचा तेव्हा कुंपणाला टेकलेली माणसं बोलायची थांबायची. मग हा निघून गेला. मला राग आला. राग दोन वर्षांत संपला. पण तोवर माघारी कसं फिरायचं ते मला कळेना. याची एकही मॅच मी पाहिली नाही. तुम्ही सगळ्यांनी पाहिल्यात. मला तुमचा हेवा वाटतो."

सुलेखा एकेक वाक्य जपानीत करत गेली. मुद्दाम सावकाश. वॉरनने ते आधीच इंग्रजीत ऐकलं होतं. त्याला सावरायला तेवढाच वेळ मिळावा म्हणून. तो हातातल्या रिकाम्या वाडग्यात बघत होता. शेवटचं वाक्य झाल्यावर कोणी टाळी वाजवली नाही. सुगावारा पुढे आले, लेससमोर कमरेत खोल वाकले आणि बोलले. सुलेखाने तोंड लेसकडे वळवलं.

"पहिल्या सरावाला मी याची उडी पाहिली. चौतीस वर्षांचा माणूस अशी उडी मारताना मी पाहिला नव्हता. मी विचारलं, हे कुठे शिकलात? हे म्हणाले, गोठ्यामागे, वडिलांकडे."

लेस मुलाकडे वळले. "तू यांना असं सांगितलंस?"

"हो."

"कधी?"

"पहिल्याच दिवशी. हिला विचारा, हिनेच सांगितलं होतं त्यांना."

सुलेखाला काही आठवेना. दिवसभरात शेकडो वाक्यं तिच्यातून जात, त्यांतलंच ते एक गेलं असणार. पण तिने मान डोलावली.

लेस खाली बसले. थोड्या वेळाने त्यांनी आपला हात मुलाच्या सुजलेल्या गुडघ्यावर ठेवला आणि तिथेच राहू दिला. "ऑपरेशन घरी करू," ते म्हणाले. "माझ्याही गुडघ्याचं तिकडच्याच डॉक्टराने केलंय. चांगला माणूस आहे." मग दोघं बोलायला लागले, आणि सुलेखा हळूच मधली खुर्ची उचलून चुलीकडे गेली.

वॉरन आता गावातल्या क्लबच्या बारा वर्षांखालच्या मुलांना शिकवतो. धारांच्या वेळी बापाला हातभार लावतो, असं त्याने फोनवर सांगितलं. सुलेखा संघात आणखी वर्षभर होती. मग वॉरनचा गुडघा तपासणाऱ्या डॉक्टरांनी तिला हॉस्पिटलात बोलावून घेतलं. नेपाळी, फिलिपिनो, भारतीय रोगी वाढले होते, आणि त्यांचं इंग्रजी समजून घेणारं तिथे कोणी नव्हतं. आठवड्यातून तीन दिवस ती तिथे जाऊ लागली. बाळंतपणं, दमा, मोडलेले हात.

दोन हजार आठच्या मार्चमध्ये सत्यजितचं इथलं काम संपलं आणि कंपनीने पुण्याला परत बोलावलं. इथल्याच एका जपानी कंपनीनेही त्याला विचारलं होतं. त्याने दोन्ही पत्रं सुलेखासमोर ठेवली. "येताना मी ठरवलं होतं," तो म्हणाला. "आता तू सांग."

"मला राहायचंय," सुलेखा म्हणाली. "गुरुवारी एका बाईची सोनोग्राफी आहे, मी येते म्हणून सांगितलंय तिला."