सहल म्हणजे काय

बायको गेल्यापासून पोरं म्हणतात, "बाबा, सहलीले चला, मन रमते." मग गाडीत घालून एका दिवसात चार देवळं दाखवून आणतात. ती सहल नव्हे. मी चौथीपर्यंत शिकलेला, पण या शब्दाचा अर्थ मले पक्का ठाऊक आहे. तो बायकोनं शिकवला.

आमी माळी, अकोटजवळ वांगी-कांदे पिकवणारे. साठ सालाच्या आगंमागं आमचं लग्न झालं. ती एका वकिलाच्या घरी भाजी घालायची. तिथली बाई सहलीला जाऊन आली, ते हिनं ऐकलं. आमच्या घरी बाहेर पडायचं तर बाजार, लगन, मयत, नाहीतर देवापाशी चूल मांडून नवसाचे रोडगे भाजून जेवू घालणं. बिनकामाचं जाणं कोणाले माहीतच नव्हतं. हिनं मनात घेतलं, एक दिवस तसं जायचंच.

परवानगी मायची. माय म्हणाली, "काहून? कोणता नवस बोलली होती?"

मी बायकोले हळूच म्हटलं, "हो म्हण न, काय जाते तुयं?"

"देवाच्या नावानं खोटं नाही बोलत मी. आत्याबाई, नवस नाही. नुसतं जायचं आहे."

"नुसतं? मंग मीबी येते. पाहते काय दिवे लावता थितं!"

निघताना मायनं वांग्यांची टोपली डोक्यावर घेतली. रिकामं कसं जायचं? बायकोनं ती उतरवून घरात ठेवली.

यष्टीनं नरनाळा किल्ल्याच्या पायथ्याशी गेलो. नदीकाठी झाडाखाली बसून घरून आणलेली भाकरी अन् ठेचा खाल्ला.

"चूल नाही मांडत? रोडगे नाही?" मायनं विचारलं.

"नाही."

"मंग करायचं काय?"

"काहीच नाही."

माय जराशानं उठून सरपण वेचू लागली. बायकोनं काटक्या हातातून काढून घेतल्या. "काम केलं का सहल मोडली, आत्याबाई."

"मोठी मास्तरीण आली!" माय तणतणली, तोंडावर पदर घेऊन आडवी झाली, अन् घोरू लागली. दिवसा झोपलेली माय मी कधी पाहिलीच नव्हती.

उन्हं उतरली. शेवटच्या यष्टीची वेळ झाली तसा मी मायले उठवायले उठलो. बायकोनं हात धरला.

"झोपू द्या. गेली यष्टी तं गेली. बैलगाडी भेटंन एखादी."

मी बसलो. यष्टी निघून गेल्याचा आवाज आला, तरी तिनं हात सोडला नाही.