मुलींच्या बाजूचा माठ

सातवीच्या फळ्यावर मी मूत्रपिंडं काढली, तेव्हा माझ्या स्वतःच्या मूत्रपिंडासाठी बुलढाण्याच्या डॉक्टरांच्या गोळ्या चालू होत्या. महाराष्ट्र राज्य तेव्हा नवं होतं. धाड गावच्या शाळेत शिकवणारी बाई मी एकटीच, आणि शाळेत बायकांसाठी मुतारी नव्हती. मास्तर आणि मुलं मागच्या नाल्याकडे जात. मी सकाळी पाण्याचा घोटही न घेता निघायची, दिवसभर तहान मारायची आणि अंधार पडला की शेजारणींबरोबर गावाबाहेर जायची.

यात मला वावगं काही वाटत नव्हतं. माझ्या आईनं हेच केलं होतं. लघवीला आग व्हायला लागली की ‘उन्हाळी लागली’ म्हणायचं, धने भिजवलेलं पाणी प्यायचं आणि कामाला लागायचं. पण त्या वर्षी उन्हाळी काही हटेना. थंडी वाजून ताप भरला, बरगडीखाली पाठीत एका बाजूला असं दुखायला लागलं की चुलीपुढे वाकता येईना. बरी झाले, आणि संक्रांतीच्या आधी पुन्हा तेच.

डॉक्टरांनी सरळ सांगितलं, “बायकांची मूत्रनलिका आखूड असते. जंतू चटकन मूत्राशयात चढतात, लघवी तुंबवली की तिथे वाढतात आणि तिथून मूत्रपिंडात जातात. पाणी भरपूर प्या, लघवी अडवू नका. असंच चालू राहिलं तर मूत्रपिंड कायमचं अधू होईल. शाळेत जमत नसेल तर नोकरी सोडा.”

नोकरी मला सोडायची नव्हती. म्हणून मी मोठ्या गुरुजींच्या खोलीत गेले.

“गुरुजी, तशी काही सोय झाली असती तर...”

“कशी सोय?”

“बायकांची.”

गुरुजी भला माणूस. ते खिडकीबाहेर बघायला लागले, मी पायाच्या अंगठ्याकडे. “बघू,” असं म्हणून त्यांनी विषय संपवला आणि मीही सुटल्यासारखी बाहेर आले.

त्याच आठवड्यात सातवीला उत्सर्जन संस्थेचा धडा आला. घेवड्याच्या बीच्या आकाराची दोन मूत्रपिंडं, त्यांतून सतत गाळलं जाणारं रक्त, कामाचं ते शरीर कसं ठेवून घेतं आणि नको ते मूत्रवाहिन्यांतून थेंब थेंब मूत्राशयात कसं उतरतं, सगळं मी रंगीत खडूनं काढून दाखवलं. मूत्राशय भरत आलं की मेंदूला निरोप जातो, हेही सांगितलं.

“मग माणसाला किती वेळ थांबता येतं?” मी विचारलं. फार वेळ थांबू नये, हे उत्तर मी तयार ठेवलं होतं.

पहिल्या रांगेतली एक मुलगी उभी राहिली. “दिवस बुडेपर्यंत, बाई.”

मुलं खो खो हसली. मुलींपैकी एकही हसली नाही. तिच्या शेजारची बसूनच म्हणाली, “आम्ही तं शाळेत पाणीच नाही पेत.”

मुलींच्या बाजूला खिडकीशी एक माठ असायचा. शिपाई रोज सकाळी तो भरायचा आणि शाळा सुटताना जवळजवळ तेवढंच पाणी कडुनिंबाच्या बुडाशी ओतून द्यायचा. विहिरीचं पाणी मचूळ आहे म्हणून मुली पीत नसतील, असं मी धरून चालले होते. मला भयंकर राग आला. तास संपल्याबरोबर मी खडूच्या हातानं गुरुजींकडे गेले.

“गुरुजी, मुलींना आणि मला मुतारी पाहिजे.”

“अहो बाई, हळू बोला.”

“आत्ताच फळ्यावर लिहून आलेय असले सगळे शब्द.”

गुरुजी गोरेमोरे झाले. वर कळवतो म्हणाले, पण बांधकामाला वेळ लागेल. तोवर आडोशाला काड्यांचा कूड घालायला तरी हरकत नाही ना, एवढं मी त्यांच्याकडून वदवून घेतलं.

मुलींनी घरोघर सांगितलं. तुरी नुकत्याच निघाल्या होत्या. एकीचे वडील बैलगाडीत तुराट्या भरून आले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, “पोरगी म्हणे, बाईले आडोसा पाहिजे. कुठं घालू?” शाळेच्या मागच्या भिंतीला धरून त्यांनी तुराट्यांचा कूड उभा केला, आत दगड बसवले.

आणि कोणी तिकडे फिरकेना! मुली लांबून बघायच्या, मुलं त्याहून लांबून. शेवटी मधल्या सुट्टीत मी सगळ्यांच्या देखत माठातून पेलाभर पाणी प्यायले आणि सगळ्यांच्या देखत कुडात गेले. बाहेर आले तर पहिल्या रांगेतली ती मुलगी दाराशी उभी होती. मी बाजूला झाले, ती आत गेली.

पुढे एके दिवशी भर दुपारी शिपाई वर्गाच्या दारात आला. माठ उपडा धरून तो बुडावर बोट फिरवत होता.

“बाई, हा फुटला काय जी? सकाळीच भरला व्हता मी. थेंब नाही राह्यला.”

मुलींनी माना खाली घातल्या.

“फुटला नाही,” मी म्हटलं. “पुन्हा भरा.”