नाव तेवढं बदललंस

अनुसयामावशींना एक प्रश्न विचारला की त्या उलट एक विचारायच्या. नायगावच्या बीडीडी चाळी पाडून टॉवर उभे राहताना शेजारपाजाराचं काय होतं, हा माझ्या संशोधनाचा विषय. पहिल्याच दिवशी मी विचारलं, "मावशी, इथे किती वर्षं राहता?" तांदूळ निवडता निवडता त्या म्हणाल्या, "लग्न झाल्यापासून. आता तू सांग, तुझं का नाही झालं?" मी हसून टाळलं. "बघ, तुला नको वाटतं ना? मग आमचं बरं विचारता!"

माझं उत्तर मिळाल्याशिवाय त्यांचं मिळायचं नाही. त्यामुळे माझं ठरून मोडलेलं लग्न, वडिलांचा अर्धांगवायू, माटुंग्याच्या घरातला अबोला, सगळं त्यांना ठाऊक झालं. आयुष्यभर इस्पितळात आया म्हणून राबलेली ही बाई मला दारोदार घेऊन फिरायची. "जय भीम ताई, ही आमची कॉलेजवाली. हिला चहा द्या आणि खरं सांगा." मी लिहायला लागले की दटावायची, "खाली काय बघतेस? माणूस वर बसलंय."

एका दुपारी त्यांनी वैशालीचं सांगितलं. त्यांची एकुलती एक लेक. चाळीला माहीत होतं की ती नागपूरला सासरी सुखात आहे. खरं म्हणजे तिने आईच्या मनाविरुद्ध लग्न केलं, म्हणून मावशींनीच तिला घराबाहेर काढलं होतं. "दार मी लावलं गं. ती कडी वाजवत होती. मी आत बसून भाजी चिरली." फोनवर रेकॉर्डिंग चालू होतं. मला माहीत होतं, त्यांनाही. दोघींपैकी कुणीच ते बंद केलं नाही.

दोन वर्षांनी माझा लेख एका मासिकात आला. मी त्यांचं नाव बदललं होतं. पण इस्पितळातली आया, तळमजल्याची कोपऱ्यातली खोली, एकुलती एक लेक हे सगळं तसंच होतं. चाळीतल्या एका मुलीने तो लेख व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला. संध्याकाळपर्यंत नागपूरचं सुखी सासर खोटं असल्याचं सगळ्यांना कळलं.

मी धावत गेले. मावशी रागावल्या नाहीत. चहा टाकला. म्हणाल्या, "नाव तेवढं बदललंस. बाकी मी होते तशीच ठेवलीस."

"मावशी, माझं चुकलं."

"ते रेकॉर्डिंग पुसून टाक. सगळं. माझ्यासमोर."

मी एकेक फाइल पुसली. त्या शेजारी बसून पाहत राहिल्या. मला रडू आलं नाही, हायसंही वाटलं नाही. त्यानंतरही मी जात राहिले. त्या उत्तरं द्यायच्या, पण शिरगणतीवाल्याला देतात तशी. माणसं किती, पाणी कधी येतं. उलट प्रश्न मात्र त्यांनी मला पुन्हा कधीच विचारला नाही.

टॉवरमध्ये राहायला गेल्यावर काही महिन्यांतच त्या वारल्या. शेजारणीने फोनवर कळवलं, तेव्हा मी बँकेच्या रांगेत होते. रांग सोडली नाही. काम उरकून घरी आले, जेवले.

त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला गेले. चौदाव्या मजल्यावरच्या खोलीत बुद्धवंदना चालू होती. ती संपल्यावर एक बाई माझ्यासमोर येऊन बसली. चाळिशीची, हनुवटी थेट मावशींची.

"मी वैशाली. लेख तुम्हीच लिहिलात ना?"

मी मान हलवली.

"मला फार उशिरा मिळाला तो. आले तेव्हा आई गेली होती. तुमच्याकडे तिचा आवाज असेल ना?"

"नाही. त्यांनीच पुसायला लावला."

ती म्हणाली, "मग तोंडी सांगा. जे आठवेल ते."

मी सांगू लागले. तीन वर्षं मी त्यांच्या खोलीत बसत होते. पाच मिनिटांत सांगण्यासारखं संपलं.