बिरूच्या उट्या

त्या दुपारी मी रंधा मारत होतो, म्हणून फोन दोनदा वाजून गेला तरी ऐकू आला नाही. तिसऱ्यांदा उचलला, तर पलीकडून बिरूचा इंजिनावरचा असिस्टंट रडत होता; बिरूला तो तात्या म्हणायचा. "दादा, तात्यांनी मला ढकललं वो... उडी मार म्हनले... ते सोता ब्रेकवरनं उठलंच न्हाईत." बिरू कराडच्या बाजूने डिझेलच्या टाक्यांची मालगाडी घेऊन येत होता. वाटेतल्या एका लहान स्टेशनात बाजूच्या रुळावर खडीचे डबे उभे होते. ते आपोआप उताराला लागले आणि मेन लाइनवर येऊन त्याच्या इंजिनाला भिडले. टाक्या फुटल्या, पेटल्या. मी मोटारसायकलवरून पोचलो तेव्हा बंबवालेसुद्धा लांब उभे राहून पाणी मारत होते. बिरूची ओळख पटली ती कमरेच्या पट्ट्याच्या बकलावरून. आता सात आठवडे झाले. लोक समजूत घालतात की हळूहळू सगळं ओसरतं. दुःख ओसरेल कदाचित. राग ओसरलेला नाही, आणि तो ओसरावा अशी माझी इच्छाही नाही.

बिरू आटपाडीकडचा, मेंढरांमागे वाढलेला. आयटीआयला आम्ही एका खोलीत राहिलो, एका स्टोव्हवर पिठलं शिजवलं. मी कुपवाडला फाउंड्रीचे लाकडी साचे करायला लागलो, तो इंजिनावर गेला. मेंढरं वाड्यात कोंडली की त्याचा बाप दाराचं झाप हाताने हलवून बघायचा आणि मगच भाकरीला बसायचा. ती खोड बिरूने जशीच्या तशी उचलली होती. आमच्या खोलीचं कुलूप तो इतक्या वेळा ओढायचा की शेवटी कोयंडाच निघून आला! गाडी उभी करून सोडताना हँडब्रेक लावतात, साखळी बांधतात आणि चाकाखाली लाकडी ठोकळा देतात. बैलगाडीच्या काळापासून आपण त्याला उटी म्हणतो. त्या स्टेशनातल्या उट्या पावसाने कुजल्या होत्या. दोनदा लिहून देऊनही नव्या येईनात, तेव्हा बिरू माझ्याकडे आला. "नाम्या, बाभळीच्या करून दे गड्या. जित्राब आन डबा, दोन्ही उतारच हुडकत्यात." मी बारा उट्या केल्या. टोक फुटू नये म्हणून प्रत्येकीला लोखंडी पट्टी ठोकली आणि पट्टीवर पंचने 'बि' उठवला. एक त्याने माझ्याच दाराला ठेवली, अकरा स्टेशनात दिल्या. उटी दिली की तिला तीनदा टाच मारायची, हलली नाही तरच पाठ फिरवायची, असा त्याचा नियम होता.

आता जे लिहायचं आहे ते हौसावहिनींना, म्हणजे बिरूच्या बायकोला, अजून सांगितलेलं नाही. अपघाताच्या चार दिवस आधी त्या स्टेशनातल्या साहेबाला बढती मिळाली, म्हणून मागच्या अंगणात मटणाचा बेत होता. उट्यांमुळे माझी ओळख झालेली, म्हणून मलाही बोलावणं होतं. बिरू ड्यूटीवर होता. रस्सा अर्धा शिजला आणि लाकडं संपली. साहेब खुर्चीतूनच ओरडला, "आणा रं त्या उट्या! बाभळ हाय, झ्याक पेटंल. चाकाला काय, दगड लावू. दगडाला तोटा हाय व्हय?" सगळे हसले. मीही हसलो. वर म्हणालो, "माझ्या हातचं लाकूड हाय सायेब, चव येनारच." माझ्या डोळ्यांदेखत अकराही उट्या चुलीत गेल्या... आणि मी दोनदा रस्सा मागून घेतला.

दहाव्याला साहेब हार घेऊन आला. वहिनींना म्हणाला, "काळजी करू नका, चौकशीत सांभाळून घेऊ." सांभाळलं ते असं: चालकाने वेळेत वेग कमी केला नाही, म्हणून टक्कर झाली. आणि डब्यांना उट्या होत्या का? तर होत्या, साहेबाने स्वतः लावून घेतल्या होत्या, पण आगीत जळून गेल्या. काय डोकं आहे! मेलेला माणूस उठून उत्तर देत नाही आणि जळालेलं लाकूड साक्ष देत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक. वहिनी चौकशीचा तो कागद माझ्यापुढे धरून म्हणाल्या, "आवं भावजी, झाप हालवून बघितल्याबिगर ह्यो मानूस कवा झोपला न्हाई. आन ह्येंच्या हातनं चूक झाली म्हनं. तुमाला पटतंय का?" मला "न्हाई" एवढंच म्हणता आलं.

पण लोखंड जळत नाही. दुसऱ्याच दिवशी मी त्या स्टेशनाच्या मागच्या उकिरड्यावर गेलो आणि चुलीची राख हाताने उपसली. हाडकं निघाली, कोळसे निघाले आणि पट्ट्या निघाल्या... सात. प्रत्येकीवर 'बि'. रुळापासून इतक्या लांब, मटणाच्या हाडकांत त्या कशा पोचल्या, ते आता साहेबाने सांगायचं आहे. मला भरपाई नको, माफी तर नकोच. त्याची बढती जावी, त्याची वर्दी उतरावी, आणि ज्या कागदावर बिरूचं नाव आहे तिथं त्याचं नाव यावं. त्याच्या घरच्यांनी तो कागद वाचावा, जसा वहिनींनी वाचला. हे सुडाचं बोलणं आहे असं कुणी म्हटलं तर म्हणू दे.

सोमवारी फेरचौकशी आहे. हा लेख आज छापून येईल, तेव्हा वहिनीही वाचतील. बारावी उटी अजून माझ्या वर्कशॉपच्या दाराला आहे. रोज दार उघडलं की मी तिला तीनदा टाच मारतो. सोमवारी दार बंद ठेवून तिलाही सोबत नेणार आहे. सात पट्ट्या टेबलावर मांडीन, शेजारी ती ठेवीन. साहेब विचारणारच, "तुम्ही तिथं काय करत होता?"

"तुमच्या शेजारी बसून जेवत होतो," असं सांगणार आहे.