चुन्यात शिजवलेला मका

आमच्या पोराला जेवणाला नावं ठेवायची खोड लहानपणापासूनची. भाकरीला डाग पडला, भाजी पिचकली, वरण पातळ झालं, मीठ कमी, तिखट जास्त. ताटावर बसला की याचं सुरू. मी पण काही कमी नाही. "तुह्या बायकोले सांगजो बापा, मी तं अशीच रांधते," असं म्हणून आणखी एक पळी त्याच्या ताटात ओतायची. घरात भांडण म्हणून जे काही व्हायचं ते एवढंच, आणि त्यावर आमचे दिवस मजेत गेले.

मग तो शिकला, नागपूरला नोकरीला लागला, तिथून अमेरिकेत टेक्सासला गेला. गेल्या वर्षी तिकडची नोकरी गेली. दुसरी मिळेना, व्हिसाची मुदत संपत आली, तेव्हा दोन बॅगा घेऊन आष्टीला घरी आला आणि समोरच्या खोलीत पलंगावर जो पडला तो पडलाच. आंघोळ कर म्हटलं की करायचा. जेवायला हाक मारली की यायचा. मान खाली घालून ताटातलं संपवायचा, ताट मोरीत ठेवायचा आणि परत पलंगावर. कशाला म्हणून नाव ठेवलं नाही. मला आधी वाटलं, परदेशात राहून पोरगा शहाणा झाला. शहाणा कसला, डोंबलाचा.

एक दिवस मी मुद्दाम वरणात मीठ टाकलं नाही. हे संत्र्याच्या बागेत गेले होते, घरात आम्ही दोघंच. त्यानं भात कालवला, एक घास घेतला, दुसरा घेतला. मी समोर बसून त्याच्या तोंडाकडे पाहत होते. अरे, एकदा तोंड तरी वाकडं कर, वाटी तरी सरकव. त्यानं वाटी पुसून खाल्ली आणि उठला.

तेव्हा मला खरी भीती वाटली. ज्याला अळणी वरण कळत नाही त्याला जगायची तरी काय गोडी राहिली असेल, असं मनात आलं. त्याच दुपारी मी फवारणीच्या औषधाच्या बाटल्या मागच्या खोलीतून काढल्या, गोठ्यातल्या लोखंडी पेटीत घातल्या, कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली. यांनी संध्याकाळी पाहिलं. काऊन म्हणून विचारलं नाही.

सेवाग्रामला नेऊन दाखवलं. डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या. गोळ्या दिल्या, वेळ लागेल म्हणाल्या, त्याच्याशी बोलत राहा म्हणाल्या. मी काय बोलत नव्हते? बोलून बोलून माझा घसा बसला होता, तोच हूं की चूं करत नव्हता. परतताना बसमध्ये मी त्याला म्हटलं, "तिकडं काय खात होता रे तू?"

खिडकीबाहेर पाहतच म्हणाला, "टाको."

खोदून खोदून विचारलं तेव्हा एकेक शब्द बाहेर आला. त्याच्या घराजवळ एक मेक्सिकोची बाई गाडी लावायची. मक्याच्या छोट्या पोळीत बारीक मटण, वरून कांदा, सांबार आणि निंबू. कोथिंबिरीला आम्ही सांबार म्हणतो. कामावरून आला की तो तिथंच उभ्यानं जेवायचा.

"कायचं मटण?"

"बीफ. गाईचं." एवढं सांगून तो माझ्याकडे पाहत राहिला.

माझ्या गळ्यात तुळशीची माळ. घरी बैलजोडी, पोळ्याला मी तिला ओवाळते. एरवी याला उभा आडवा घेतला असता. पण त्या दिवशी मला इतकंच दिसलं की पोरगा बोलला आणि माझ्याकडे पाहिलं. "बरं," मी म्हटलं, "आपल्याकडं बोकडाचं करू."

मक्याचं पीठ दळून आणलं, पोळ्या थापल्या. दुमडली की मधोमध तडकायची. चिडून सगळा गोळा म्हशीला घातला. मग मोबाइलवर एका बाईचा व्हिडिओ पाहिला. तिकडे म्हणे मका आधी चुन्याच्या पाण्यात शिजवतात, रात्रभर तसाच ठेवतात, मग चोळून धुऊन वाटतात. चुना तर आमच्या घरी होताच, यांच्या तंबाखूचा. डबीच रिकामी केली. हे म्हणाले, "पोट्ट्याले चुना खाऊ घालते का आता?" मी म्हटलं, "चुना खाऊ घालीन, माती खाऊ घालीन, तुम्ही फक्त खिमा आणून द्या."

मटण आमच्याकडे हेच रांधतात. अंगणात तीन विटांची चूल, मटणाचा गंज, म्हणजे पातेलं, वेगळा, पळी वेगळी. माझा त्याला हात लागत नाही. पण या वेळी यांनी खिमा आणला, विटा मांडून दिल्या आणि बागेत निघाले. पोरगा आल्यावर पहिल्या रविवारी यांनी हौसेनं मटण केलं होतं, तेही त्यानं मुकाट्यानं गिळलं होतं. "मले नाई पाहावत," एवढंच म्हणाले.

मग मीच चूल पेटवली. हात लावायचा, तोंडाला लावायचं नाही, असं देवाशी ठरवून घेतलं. लसूण, लाल मिरच्या, जिरं वाटून घातलं. पदर नाकाला धरून मी खिमा परतत होते. तेलाच्या पिशवीच्या दोन तुकड्यांमध्ये वाटलेल्या मक्याची गोळी ठेवून वरून पोळपाट दाबला. तव्यावर पोळी फुगली, दुमडली, तडकली नाही. मला रडू येईल असं वाटलं, पण अजून तो बाहेर यायचा होता.

हाक मारली तसा आला. बाजेवर बसला. ताटाकडे पाहिलं, पोळी एका हातात दुमडून धरली, मान तिरपी करून घास घेतला. असं खाताना मी त्याला कधी पाहिलं नव्हतं. एक पोळी संपवली आणि म्हणाला, "छान झालं, आई."

छान. आमच्या घरात हा शब्द पाहुणे वापरतात. माझं डोकंच फिरलं. मी त्याच्या समोरचं ताट ओढून घेतलं.

"खोटं नको बोलू माह्याशी. जन्मात कशाले छान म्हटलं नाई तू. पोळी जाड म्हण, खिमा कच्चा म्हण, काई म्हण. पण असा मेल्यावानी नको खाऊ रे."

जो शब्द मी इतके दिवस दाताखाली दाबून ठेवला होता तोच निघाला. मी तिथंच चुलीजवळ खाली बसले आणि रडले. त्यानं ताट परत आपल्यापुढे ओढून घेतलं. मग म्हणाला, "मीठ नाई हाय."

"काय?"

"खिम्यात मीठ नाई टाकलं तू."

खरंच टाकलं नव्हतं. चाखायचं नाही म्हणता म्हणता मीठच राहून गेलं होतं.

"त्या दिवशी वरणातही नव्हतं," तो म्हणाला.

"तुले समजलं होतं?"

"समजन नाई का?"

"मंग बोलला काऊन नाई?"

पोळीचा काठ तोडत तो म्हणाला, "मले वाटलं, माह्या काळजीनं तुह्यं चित्त ठिकाणावर नाई, म्हणून विसरली. तुले आणखी काय बोलायचं?"

इतके दिवस मी त्याला पाहत होते आणि तो मला पाहत होता, एकाच घरात, आणि दोघांनाही ते माहीत नव्हतं. मला त्याच्या पाठीवरून हात फिरवावासा वाटला, पण हात खिम्याचे होते.

तो उठला. "थांब, आणतो," म्हणाला आणि आत गेला. तो अमेरिकेत असताना आम्ही ओटा नवा बांधला होता, डबे सगळे इकडचे तिकडे झाले होते. आल्यापासून त्यानं स्वयंपाकघरात पाऊल टाकलं नव्हतं. डबे उघडल्याचे, झाकल्याचे आवाज येत राहिले.

"आई, मीठ कुठं हाय?"

बरणी खिडकीत होती. गोठ्यातल्या पेटीची किल्ली अजून माझ्या कमरेलाच होती आणि आजही आहे. मी उत्तर दिलं नाही.

"काय व आई, एक वस्तू जागेवर नसते तुही," तो आतून चिडून बोलला.

तरी मी गप्प बसले. म्हटलं, आणखी एकदा ओरडू दे.