शेजारणीचे जावई आणि मुकी म्हैस

डॉक्टर म्हटलं की राग येणारा माणूस उभ्या मिरजगावात एकच, आमच्या शेजारणीचे जावई. गुरांच्या डॉक्टरकीची पदवी परदेशातून आणलेली, पण इथली परीक्षा पास झाल्याशिवाय जनावराला हात लावायचा नाही, असा कायदा. तो जावईबापूंनी असा पाळला की आमच्या गोठ्यात शिरताना दोन्ही हात पाठीमागं. म्हशीनं शेपटीचा फटका तोंडावर दिला तरी पुसायला हात पुढं येत नसे. अभ्यास मात्र मोठ्यानं. सकाळी ओट्यावर येरझारा घालत औषधांची नावं अशी म्हणायचे, की नव्या माणसाला वाटावं आरतीच चाललीय.

दोनदा नापास झाले ते म्हशीपायी. तिकडच्या थंड मुलखात घोडी आणि डुकरं शिकले, म्हैस नुसती चित्रात पाहिलेली. आमची मंडळी, म्हणजे सगळ्यांची जिजी, हसली. "एवढ्या लांब जाऊन म्हशीला इचारायचं राहिलंच व्हय, जावईबापू? बसा हितं." आणि तिनं त्यांना आठ दिवस गोठ्यात बसवलं. "म्हैस गाईवानी हंबरत न्हाई. माजावर आली तरी गप ऱ्हाती. दूध चोराया लागली, घडीघडी मुताया लागली, का समजायचं." जावईबापूंनी वहीत शब्दन् शब्द उतरवला, मुताया सुद्धा.

थंडीत जिजी गेली. मग महिनाभर हा माणूस गोठ्याकडं फिरकला नाही. तिसऱ्या खेपेला नापास झालात तर सुप्याच्या कंपनीत कामाला जा, असं सासूनं बजावलेलं, आणि हे माझ्याकडं बघून डोळे पुसत बसलेले. शेवटी मीच दटावलं, "ती गेली, म्हैस गेली न्हाई. वही काढा." सासूलाही सांगून आलो, पोरगं पास होणार, तुम्ही तोंड बंद ठेवा.

परवा निकाल लागला. जावईबापू पळतच आले. "आबा, पास! म्हशीच्या मुक्या माजाचा प्रश्न आला होता. पुस्तकातलं काही आठवेना. जिजींनी सांगितलं तेच लिहिलं."

"मंग पास व्हनारच की," मी म्हणालो. "तिचं जनावरातलं कधी चुकलं न्हाई. माणसातलं एकदाच चुकलं, मला पसंत केलं."

एवढी मोठी बातमी, म्हणून आत सांगायला उठलो. उंबऱ्यापाशी पाय थांबला. जावईबापूंनाही उमगलं. मग आम्ही दोघं गोठ्यात गेलो आणि म्हशीला सांगितलं.